दार मध्यात का नाही? माउंट व्हर्ननच्या घराचे पदर सुटे करून बघूया

आमचे सासरे बांधकाम खात्यात होते, आयुष्यभर पूल आणि शाळांच्या इमारती बघून रिटायर झाले, त्यामुळे त्यांना कुठेही फिरायला न्या, ते इमारतीचं कौतुक नंतर करतात आणि आधी ओळंबा बघतात. उत्तर व्हर्जिनियातल्या मराठी घरांत पाहुणे आले की फिरवायची यादी ठरलेली असते, त्यात जॉर्ज वॉशिंग्टनचं माउंट व्हर्नन असतंच, आणि मी तिथे इतक्यांदा गेलेय की गाइडच्या आधी मीच पुढचं वाक्य म्हणू शकते. पण बाबा हिरवळीवर उभे राहिले, एक डोळा मिटला, हात समोर धरला आणि म्हणाले, "अगं, ह्यांचं दार मध्यात नाहीये. वरची ती घुमटी एकीकडे आणि दार एकीकडे."

मी म्हटलं काहीतरीच काय बाबा. मग नीट बघितलं. खरंच नाहीये. आणि खिडक्या पण बघा, दाराच्या एका बाजूला जितक्या अंतराने आहेत तितक्या दुसऱ्या बाजूला नाहीत. लांबून सगळं एकदम जुळलेलं वाटतं, पांढरं शुभ्र, मधोमध त्रिकोणी कपाळपट्टी, वर घुमटी, दोन्हीकडे वळत गेलेल्या कमानी. जवळ गेलात की घर थोडं तिरकं हसतंय असं वाटायला लागतं.

घरी आल्यावर मी ह्याच्या मागे लागले आणि कळलं ते असं, की हे घर एकदा प्लॅन काढून बांधलेलंच नाहीये. बापाने बांधलेलं छोटं घर, मुलाने ते न पाडता आधी उंचावलं आणि मग दोन्ही बाजूंनी ताणलं, आणि आज जे जे चुकलेलं दिसतं ते सगळं त्या जुन्या घराने दिलेला त्रास आहे. आपल्याकडे गावच्या घराला जसं एक पिढी माडी चढवते, पुढची मागे पडवी काढते, मग कोणीतरी बाथरूम जोडतं आणि शेवटी जिना भलत्याच जागी येतो, तसंच. फक्त हे घर अमेरिकेच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षाचं, म्हणून त्याचा प्रत्येक खिळा अभ्यासलेला आहे.

तर सुरुवातीपासून. पोटोमॅक नदीच्या काठावरची ही जमीन वॉशिंग्टन घराण्याकडे १६७४ पासून होती. जॉर्जच्या वडिलांनी, ऑगस्टीन वॉशिंग्टनने, १७३४ च्या सुमारास इथे दीड मजली घर बांधलं. दीड मजली म्हणजे खाली खोल्या आणि वर उतरत्या छपराखालचा पोटमाळा, जिथे भिंतीजवळ उभं राहिलं की डोकं आपटतं. १७३४ हे साल कसं कळलं ते भारी आहे. लाकडाच्या तुळईत झाडाच्या वाढीची वर्तुळं असतात ना, पावसाच्या वर्षी जाड आणि दुष्काळाच्या वर्षी बारीक, तर त्या जाड-बारीकचा क्रम त्या भागातल्या इतर जुन्या लाकडांशी जुळवला की झाड कुठल्या साली तोडलं ते सांगता येतं. बारकोडच समजा. त्या काळात लाकूड तोडलं की फार वर्षं ठेवत नसत, ओलं असतानाच वापरायचे, म्हणून झाड तोडल्याचं साल जवळजवळ घराचंच साल.

मग हे घर मोठा सावत्र भाऊ लॉरेन्सकडे आलं. तो ब्रिटिश आरमाराच्या अॅडमिरल एडवर्ड व्हर्ननच्या हाताखाली कॅरिबियनमधल्या मोहिमेत होता, साहेबांवर एवढी भक्ती की घरालाच त्याचं नाव दिलं. म्हणजे ज्या माणसाने इंग्रजांना घालवलं त्याचं घर एका इंग्रज अॅडमिरलच्या नावाने ओळखलं जातं, आणि जॉर्जने ते कधी बदललंही नाही. लॉरेन्स १७५२ मध्ये गेला, १७५४ मध्ये जॉर्जने वहिनीकडून घर भाड्याने घेतलं आणि १७६१ मध्ये ती वारल्यावर ते त्याच्या मालकीचं झालं. गंमत म्हणजे पहिलं मोठं काम त्याने त्याआधीच, भाडेकरू असतानाच काढलं होतं! आपल्याकडे भाडेकरूने खिळा ठोकला तरी मालक फोन करतो.

पहिलं काम, १७५८ च्या आसपास. लग्न ठरत होतं, मार्था कस्टिस ही श्रीमंत विधवा, दोन मुलं, तिला दीड मजल्याच्या घरात कसं आणणार. मग त्याने छप्पर उतरवलं, भिंती एक पूर्ण मजला वर नेल्या आणि त्यावर पुन्हा पोटमाळ्याचं छप्पर चढवलं. दीडचं अडीच झालं. हे शक्य झालं कारण घर लाकडी सांगाड्याचं आहे. खाली दगड-विटांचं जोतं, त्यावर चारी बाजूंनी आडवी तुळई, तिच्यावर खांब उभे, खांबांवर परत आडव्या तुळया. दगडी भिंतीवर मजला चढवायचा तर खालची भिंत तेवढी जाड हवी, पाया तेवढा हवा. लाकडी सांगाड्यात वजन कमी आणि सांधे खुंट्यांचे, म्हणून असले उद्योग जमतात. तेव्हाच जिना पण नवा केला, अक्रोडाच्या लाकडाचा, आणि तो जिना पुढे फार महाग पडला, सांगतेच.

पण ह्या वेळी घरमालक (बरं, भाडेकरू) कुठे होता? सैन्याबरोबर पश्चिमेच्या जंगलात, फ्रेंचांविरुद्धच्या लढाईत. घराचं काम जॉन पॅटरसन नावाचा सुतार बघत होता आणि सगळं पत्रातून चाललेलं. लक्षात ठेवा, कारण दुसऱ्या वेळी पण हेच झालं.

दगडाचं सोंग

आत जायच्या आधी भिंतीला हात लावून बघा. दिसायला तासलेले दगडी चिरे, एकावर एक रचलेले, मध्ये खोल खाचा. प्रत्यक्षात पाइनच्या फळ्या. फळीच्या कडा तिरक्या तासायच्या आणि मध्ये उभ्या खाचा मारायच्या, की एका लांब फळीचे दोन-तीन चिरे दिसतात. मग रंग द्यायचा आणि तो ओला असतानाच त्यावर बारीक वाळू जोरात फेकून मारायची. लांबून अगदी खडबडीत दगड. वॉशिंग्टनने स्वतः एका पत्रात ह्याचे दोन फायदे सांगितलेत, एक म्हणजे टिकतं आणि दुसरं म्हणजे दगडासारखं दिसतं. खाली जोत्याला स्थानिक दगड-विटा, वर लाकडाचे खोटे चिरे आणि छपरावर लाकडाच्याच पट्ट्या, त्याही लाल रंगवलेल्या, म्हणजे लांबून कौलं वाटावीत.

आत पण तेच. मधल्या मोठ्या दालनाचं लाकडी पॅनेलिंग महोगनीचं वाटतं, ते पाइन आहे, त्यावर १७९७ मध्ये ब्रशने महोगनीच्या रेषा काढल्या. आपल्याला हसू येतं पण आपण तरी काय करतो, चिपबोर्डवर सागवानी सनमायका लावतोच की. त्या काळच्या इंग्रज जमीनदारांच्या जगात दगडी वाडा म्हणजे प्रतिष्ठा, आणि व्हर्जिनियाच्या त्या भागात लाकूड भरपूर, मग जे मिळतं त्यालाच नटवायचं.

दुसरं काम: युद्ध इकडे, गवंडी तिकडे

१७७४ मध्ये त्याने परत काम काढलं आणि ह्या वेळी आडवं. दक्षिणेला एक भाग वाढवला, त्यात खाली स्वतःची अभ्यासिका, वर नवरा-बायकोची झोपायची खोली, आणि दोन्हींना जोडणारा खाजगी जिना. कारण ह्या घरात पाहुणे म्हणजे नुसता लोंढा, ओळखीचे, अनोळखी, कोणीही यायचं आणि मुक्काम करायचं, तेव्हा माणसाला पहाटे उठून कोणाच्याही नजरेस न पडता कामाच्या टेबलावर पोचता यावं एवढीच सोय. १४ डिसेंबर १७९९ ला तो ह्याच वरच्या खोलीत वारला. मार्थाने ती खोली बंद केली आणि स्वतः तिसऱ्या मजल्यावरच्या पोटमाळ्याच्या खोलीत जाऊन राहिली. सगळ्या घरात मला ती वरची छोटी खोली सगळ्यात जास्त लक्षात राहिलीय, का ते सांगता येणार नाही.

उत्तरेला दुसरा भाग, त्यात एकच खोली, पण दोन मजले उंच. तिला तो नुसतं नवी खोली म्हणायचा आणि आजही तेच नाव आहे. पूर्ण व्हायला दहा-बारा वर्षं लागली, कारण मधे अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध! १७७५ मध्ये तो सरसेनापती म्हणून गेला तो सहा वर्षं घरी आलाच नाही, १७८१ मध्ये यॉर्कटाउनच्या लढाईला जाता जाता काही दिवस डोकावला, आणि खऱ्या अर्थाने परतला १७८३ च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी. तोपर्यंत लंड वॉशिंग्टन हा लांबचा चुलत भाऊ सगळं बघत होता. ऑगस्ट १७७६ मध्ये न्यूयॉर्कसमोर ब्रिटिशांचं प्रचंड आरमार उभं आहे, आठवड्याभरात लढाई होणार आहे (आणि हे ती हरणार आहेत), आणि साहेब लंडला पत्र लिहितायत की नव्या खोलीतली चिमणी बरोब्बर मधोमध आली पाहिजे, दारं आणि बाकी सगळं तिच्याशी जुळलं पाहिजे, काम एकदम उस्तादी झालं पाहिजे. फ्लॅटचं काम चालू असताना ऑफिसातून कॉन्ट्रॅक्टरला मेसेज करणारा कोणीही हे पत्र वाचून म्हणेल, हो रे बाबा.

आणि आता दाराचा उलगडा. जॉर्जने १७७३ च्या सुमारास स्वतःच्या हाताने घराच्या दर्शनी बाजूचं चित्र काढलंय, ते अजून आहे. आर्किटेक्ट नव्हताच, तोच डिझाइनर, मदतीला इंग्लंडहून येणारी नमुन्यांची पुस्तकं, ज्यात खिडकी अशी, दार असं, चिमणी अशी, असे तयार नकाशे असायचे. नव्या खोलीतली तीन भागांची, मध्ये कमान असलेली भव्य खिडकी अशाच पुस्तकातून उचललेली आहे. त्याच्या चित्रात सगळं जुळलेलं आहे. प्रत्यक्षात मात्र मध्ये बापाचं घर बसलंय, त्यातल्या खोल्या आधीपासून लहान-मोठ्या, आणि तो १७५८ चा जिना एका बाजूने वर जातो. जिन्याच्या मध्यात खिडकी मारता येत नाही. दार मधल्या दालनाचं, दालन जुन्या खोल्यांच्या मध्ये, ते सरकवायचं म्हणजे अख्खं घर सोडवायचं. म्हणून खाली जे आहे ते तसंच ठेवलं आणि वर, जिथे हात मोकळा होता, तिथे नव्या लांबीचा मध्य धरून कपाळपट्टी बसवली आणि घुमटी चढवली. डोळा आधी वर जातो, वरचं जुळलेलं दिसलं की खालचं आपण माफ करून टाकतो. बाबांसारखे लोक सोडून.

घुमटी नुसती शोभेची नाही. व्हर्जिनियाचा उन्हाळा म्हणजे मुंबईचा मे महिना, घामाने चिकचिक. मधलं दालन घराच्या आरपार जातं, एक दार रस्त्याकडे आणि एक नदीकडे, दोन्ही उघडली की झुळूक वाहते, उन्हाळ्यात घरातली माणसं तिथेच बसायची. गरम हवा जिन्याच्या पोकळीतून वर चढते आणि घुमटीच्या उघड्या खिडक्यांतून बाहेर, मग तिच्या जागी खालून गार हवा ओढली जाते. वाड्याच्या चौकात उन्हाळ्यात गार का वाटतं त्याचंच हे भावंड. घुमटीवर वारा दाखवणारं जे पाखरू आहे ते चोचीत ऑलिव्हची डहाळी धरलेलं कबूतर, १७८७ मध्ये त्याने फिलाडेल्फियातून बनवून घेतलेलं, युद्ध संपल्याची खूण.

मागे नदीच्या बाजूला जा, तिथे खरी मजा. घराच्या पूर्ण लांबीभर, ९० फुटांपेक्षा जास्त, दोन मजले उंच व्हरांडा, आठ चौकोनी खांब. ह्याला ते पिअॅझा म्हणतात. (व्हरांडा हा शब्द इंग्रजीत गेला तो आपल्याकडून, हे बाबांना सांगितल्यावर त्यांना खांब जास्त आवडायला लागले.) वसाहतीच्या काळातल्या अमेरिकेत एवढा उंच आणि एवढा लांब पिअॅझा खाजगी घराला असणं ही नवलाईच होती, आणि त्याची नंतर इतकी नक्कल झाली की विचारू नका, घरं, मोटेलं, १९३१ च्या पॅरिसच्या प्रदर्शनातला अमेरिकेचा मंडप म्हणजे तर ह्याच घराची प्रतिकृती. समोर पलीकडच्या मेरीलँडच्या काठावर आजही एक टॉवर दिसत नाही, तो योगायोग नाही, १९६१ मध्ये तिथे पार्क जाहीर केलं ते मुख्यतः हा देखावा वाचवायला.

हे सगळं उभं कोणी केलं हे पण बोलायला हवं. लॅनफियर आणि सिअर्ससारखे पगारी कारागीर होते, त्यांची नावं हिशेबात सापडतात. पण विटा पाडणारे, लाकूड कापणारे, माती उपसणारे, पाणी-सरपण वाहणारे बहुतेक गुलाम होते. १७९९ मध्ये ह्या इस्टेटीवर ३१७ गुलाम माणसं होती, त्यातली १२३ वॉशिंग्टनच्या स्वतःच्या मालकीची. मृत्युपत्रात त्याने ह्या लोकांना मोकळं करायचं लिहिलं आणि मार्थाने १ जानेवारी १८०१ ला केलं. उरलेले बहुतेक तिच्या पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीतले, त्यांना कायद्याने तो मोकळं करू शकत नव्हता, ते तिच्या नातवंडांत वाटले गेले. पाहुण्यांच्या लोंढ्याला वाढणारं स्वयंपाकघर मुख्य घरापासून वेगळं आहे, आग आणि उष्णता लांब राहावी म्हणून, आणि त्या वळणदार कमानींच्या खालून ताटं घेऊन जाणारे हेच लोक.

मग पुढे घराचं काय झालं

वारसांना हे घर पेलवलं नाही. पुतण्या बुशरॉड सुप्रीम कोर्टाचा न्यायाधीश होता, तरी जमीन पिकत नव्हती, आणि बघायला येणाऱ्यांची गर्दी थांबत नव्हती. वारसांच्या काळात पिअॅझाच्या छतावर कठडा आला, दक्षिणेच्या टोकाला एक पोर्च आला. आणि हळूहळू सगळं कुजायला लागलं. १८५० च्या दशकात पिअॅझाचे खांब इतके गेले होते की छत पडू नये म्हणून जुन्या जहाजांच्या डोलकाठ्या टेकू दिल्या होत्या, त्याचे फोटो आहेत. केंद्र सरकार घ्यायला तयार नाही, व्हर्जिनिया राज्य तयार नाही. १८५३ मध्ये साउथ कॅरोलिनाच्या एक बाई बोटीतून जाताना चांदण्यात ही दशा बघतात, मुलीला पत्र लिहितात की देशाच्या पुरुषांना जमत नसेल तर बायकांनी का करू नये, आणि मुलगी, अॅन पामेला कनिंगहॅम, खरंच करते. देशभरातून वर्गणी, २ लाख डॉलर, १८५८ मध्ये करार, १८६० मध्ये ताबा. आजही ती बायकांची संस्थाच घर चालवते, सरकार नाही.

आता कठीण प्रश्न. घर "मूळ" रूपात आणायचं म्हणजे कुठल्या? १७३४ च्या, १७५८ च्या, की वारसांच्या? त्यांनी ठरवलं १७९९, तो गेला ते वर्ष. त्यामुळे नंतरचा कठडा काढला, पोर्च काढला. हे पटतं पण फुकट नाही, कारण त्या पन्नास-साठ वर्षांत तिथे राहिलेल्या माणसांच्या खुणा पण त्याबरोबर गेल्या. ह्याच्या अगदी उलट बघायचं तर चार्ल्स्टनजवळ अॅशली नदीवर ड्रेटन हॉल आहे, अठराव्या शतकातलंच विटांचं घर. तिथे १९७४ मध्ये घर ताब्यात घेणाऱ्यांनी ठरवलं की कुठल्याच साली परत न्यायचं नाही, जसं आलं तसं थांबवायचं. आत लाइट नाही, नळ नाही, फर्निचर नाही, रंग पोपडे आलेला, आणि एका दाराच्या चौकटीवर घरातल्या मुलांच्या उंचीच्या खुणा. मला विचाराल तर मी ड्रेटन हॉलच्या बाजूची. बाबा म्हणाले रिकामं घर बघायला एवढं लांब कोण जातं, हा पण मुद्दा आहे.

१७९९ हे साल धरलं तरी तेव्हाचे रंग कसे होते हे कळायला नको का? भिंतीवरून सुईच्या टोकाएवढा रंगाचा तुकडा काढतात, आडवा कापून मायक्रोस्कोपखाली बघतात, खारीच्या बिस्किटासारखे पदर दिसतात, सगळ्यात खालचा सगळ्यात जुना. तर छोट्या जेवणाच्या खोलीत फिकट, सभ्य रंगांखाली निघाला भडक हिरवा! तांब्यापासून बनवायचे तो रंग. कल्हई गेलेल्या भांड्यात ताक ठेवलं की जो हिरवा कळंक येतो ना, साधारण तोच पदार्थ, तेलात घोटलेला, फार महाग. बघून लोक अजून दचकतात. "जुनं म्हणजे फिकट" ही आपली समजूत, रंग शेकडो वर्षं उडाल्यामुळे झालेली.

गेल्या काही वर्षांत तिथे मोठं दुरुस्तीचं काम निघालं, आणि ते बहुतेक न दिसणारं. जोत्यावरची ती आडवी तुळई आठवतेय का? पाणी आणि वाळवी आधी तिलाच धरते, आणि ती गेली की वरचं घर जोत्याला धरून न राहता नुसतं त्यावर टेकलेलं राहतं. तर ती नीट करायची, पाण्याचा निचरा करायचा, हवेची यंत्रणा बदलायची. त्यासाठी तळघराची जमीन उकरली, १७७० च्या दशकात घातलेली विटांची जमीन, म्हणजे त्याच दुसऱ्या वाढीच्या वेळची. त्याखाली २०२४ मध्ये निघाले पाच खड्डे, त्यात ३५ काचेच्या बाटल्या, २९ धड, आणि आत चेरी आणि बेरी. साठवण म्हणून कोणीतरी पुरून ठेवलेल्या, मग वर काम सुरू झालं, विटा बसल्या आणि त्या तिथेच राहिल्या.

बाबांना हे फोनवर सांगितलं तर ते जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणजे फरशी घालायच्या आधी खालचं सामान कोणी बाहेर काढलंच नाही. साइटवर सुपरवायझर नसला की हे होतंच."

मी म्हटलं बाबा, साहेब युद्धावर होते.

"हो, पण तो चुलतभाऊ होता ना?"